शस्त्रक्रियेनंतरचा ‘खुराक’ आणि माझे ३६,००० रुपये

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस नेमका कधी गळाला लागतो, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकते. वजनकाटा तीन आठवडे एकाच आकड्यावर थांबला की तो कोणावरही विश्वास ठेवतो. माझेही तसेच झाले. कोल्हापुरात अलीकडे अशी शस्त्रक्रिया करून घेणारे बरेच जण भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जून २०२३ मध्ये माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो होते, रक्तातली साखर वाढलेली होती आणि गुडघ्यांमुळे शाळेचा जिना चढणे नकोसे झाले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. घरी सोडताना आहाराचा तक्ता हातात दिला होता: आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, तेही चार-सहा चमचे, सावकाश चावून, जेवताना पाणी न पिता. चौथ्या महिन्यासाठी त्यात दिवसाला ८०० ते ९०० कॅलरी आणि किमान ६० ग्रॅम प्रथिने असे लिहिले होते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, हे वाक्य अधोरेखित केले होते.

ऑक्टोबरपर्यंत मी ८८ किलोवर आले आणि तिथेच अडकले. शस्त्रक्रियेनंतर असे टप्पे येतातच, शरीर थोडे थांबते आणि वजन पुन्हा उतरू लागते, एवढे रुग्णालयात एक फोन केला असता तरी कळले असते. तो फोन मी केला नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मला एका पोषण केंद्रात नेले.

केंद्र चालवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणत. त्याने माझा तक्ता वाचला आणि मान हलवली. “ताई, आठशे कॅलरी म्हणजे पैलवानाचा खुराक झाला. एवढं खाल्लं तर कापलेलं पोट परत ताणणारच की. मग ऑपरेशनचे पैसे पाण्यात.” तालमींच्या या गावात खुराक म्हणजे काय, हे लहानपणापासून पाहत आलेल्या मला त्या एका शब्दाने लाज वाटली. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मिळते तसले म्हशीचे लिटरभर दूध प्यायले तरी ८०० च्या वर कॅलरी होतात, म्हणजे पैलवानाचा खुराक आणि माझा तक्ता यांची तुलनाच होऊ शकत नव्हती, हा साधा हिशेब त्या वेळी मला सुचला नाही. पोट ताणण्याची भीती प्रत्येक रुग्णाच्या मनात असते आणि त्याला ती बरोबर ठाऊक होती.

सहा महिन्यांचे ‘शस्त्रक्रियेनंतरचे विशेष पॅकेज’ ३६,००० रुपयांचे होते. पैसे केंद्राच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर मोबाइलवरून घेतले. बिल मागितले तर “पुढच्या आठवड्यात देतो” असे उत्तर मिळाले आणि वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला. रोज दोन वेळा पावडर, एकदा काकडी आणि सूप, मिळून साडेचारशे कॅलरी. “सगळी जीवनसत्त्वं पावडरीत आहेत, त्या गोळ्यांनी उगाच पित्त वाढतं,” असे सांगून माझ्या गोळ्या बंद करायला लावल्या. पोटाला घाम आणणारा पट्टा बांधून सकाळ-संध्याकाळ एक-एक तास उड्या आणि व्यायाम. मनगटी घड्याळात दिसणारा आकडा तो सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा, “ताईंनी साडेचारशे खाल्ल्या, सहाशे जाळल्या!” आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांनी मला खरोखर बळ यायचे, म्हणून दोन महिने मला शंकाही आली नाही.

वजन करण्याची रीतही मला फार उशिरा कळली. पहिले वजन शाळेतून थेट गेले तेव्हाचे, संध्याकाळी सहाचे, साडीतले, वर दिवसभराचे खाणेपिणे पोटात. पुढची सगळी वजने सकाळी उपाशीपोटी, पातळ ट्रॅकसूटमध्ये. पहिल्याच आठवड्यातला दीड-दोन किलोचा ‘फरक’ त्यातूनच आला होता.

डिसेंबरच्या मध्यावर केस मुठीने गळू लागले. एवढ्या मोठ्या वजनघटीनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, हे मला रुग्णालयात सांगितले होते, म्हणून मी दुर्लक्ष केले. मग पावडर पिताच उलट्या सुरू झाल्या. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. जानेवारीत एका सकाळी शाळेच्या जिन्यावर पाय उचललाच गेला नाही आणि मी कठड्याला धरून खाली बसले. शिपाईमावशींनी रिक्षा आणली.

वजन ७९ किलो भरले, पण हिमोग्लोबिन ८.९ होते आणि बी-१२ फार खाली गेले होते. सतत उलट्या होत असतील तर बी-१ हे जीवनसत्त्व अवघ्या काही आठवड्यांत संपते, कारण शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. त्याची कमतरता मेंदू आणि नसांपर्यंत जाऊ शकते, म्हणून ग्लुकोज लावण्याआधी मला त्याचे इंजेक्शन दिले. डॉक्टर म्हणाले, “वजन उतरलंय, पण त्यात तुमचे स्नायूही गेलेत. पायांत ताकद येणार कुठून?”

घरी आल्यावर यांनी पावडरीचा डबा उजेडात धरला आणि भिंगातून मागची चिठ्ठी वाचली. पुढे ठळक अक्षरांत ‘प्रथिने २७ ग्रॅम’ असे होते. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की हे प्रमाण १०० ग्रॅम पावडरीतले आहे. मापाचा चमचा ३० ग्रॅमचा, म्हणजे एका वेळेला ८ ग्रॅम आणि दिवसाला जेमतेम १६. घटकांच्या यादीत पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे होते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, तेव्हा डब्यात सर्वांत जास्त होते ते हे पिष्ट. दोन अंडी आणि वाटीभर घट्ट दही यांतून मला त्याहून जास्त प्रथिने मिळाली असती. डब्यावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक होता आणि ‘सर’ तो सर्वांना दाखवायचा. पण तो क्रमांक विक्रेत्याच्या किंवा उत्पादकाच्या परवान्याचा असतो. त्यावरून ती पावडर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला चालते, असे मुळीच ठरत नाही.

पैसे परत मागायला गेले तेव्हा “तुम्ही नियम पाळले नाहीत” असे ऐकवले. पुढच्या महिन्यात गाळ्याला कुलूप होते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. तिथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. बिल नसल्यामुळे बँकेचा उतारा, मोबाइलवरचे संदेश आणि तो वहीचा कागद एवढाच माझा पुरावा आहे. आमच्यातल्या आणखी तिघींनी पैसे भरले होते. त्यांच्याकडे तेवढेही नाही, कारण त्यांनी रोख दिले.

सध्या मी ८१ किलोवर आहे आणि दिवसाला सुमारे ११०० कॅलरी घेते. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरीचा चतकोर. रविवारी मटणाचे दोन मऊ तुकडे बारीक चावून खाते; तांबड्या रश्श्यावरचा कट बाजूला ठेवते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवते. रंकाळ्यावर आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटे चालते आणि दोन दिवस आहारतज्ज्ञांनी शिकवलेले, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे आणि हलक्या वजनांचे व्यायाम करते, म्हणजे गेलेले स्नायू परत येतील. मुंग्या उजव्या पायात अजून आहेत. तो डबा चमच्यासकट पिशवीत बांधून, पुढच्या तारखेला न्यायचा म्हणून कपाटात ठेवला आहे.