कॉलेज फुटबॉल २५: गुण पहिल्या आठवड्याचे, परीक्षा तिसऱ्या हंगामाची

११ वर्षांची भूक असली की पहिला घास गोडच लागतो. अमेरिकी फुटबॉलच्या कॉलेज स्पर्धांवरचा व्हिडिओ गेम ‘एनसीएए फुटबॉल १४’ जुलै २०१३ मध्ये आला आणि खेळाडूंचं रूप फुकटात वापरण्याच्या वादात, कोर्टकचेऱ्यांत ती मालिकाच थांबली. २०२१ मध्ये कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. १९ जुलै २०२४ ला ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ बाजारात उतरला. त्यात १३४ संघ आहेत. नाव वापरायला होकार देणाऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. समीक्षकांची सरासरी शंभरात ऐंशीच्या पुढे गेली. ते गुण खोटे नाहीत. पण बहुतेक परीक्षणं गेम आला त्याच सुमारास लिहिलेली आहेत, आणि या गेमची खरी दुखणी डायनॅस्टी मोडच्या (प्रशिक्षक होऊन वर्षानुवर्षं संघ चालवायचा प्रकार) तिसऱ्या हंगामाच्या आसपास डोकं वर काढतात.

आधी जे उत्तम आहे ते. बँड, घोषणा, मैदानात धावत शिरणारा संघ याबद्दल समीक्षकांनी जे कौतुक केलं त्यातला एक शब्दही कमी करायला नको. पण हा नुसता देखावा नाही, प्रेक्षकांचा गोंगाट थेट खेळात उतरतो. टेक्सस ए अँड एमचं काइल फील्ड (आसनं १,०२,७३३) गेमच्या यादीत पाहुण्यांसाठी सगळ्यात अवघड मैदान आहे. तिथे थर्ड डाऊन (दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड हवेत, अशी वेळ आली की स्क्रीन थरथरते, रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) धावेच्या रेषा नागमोडी होतात, कधी चक्क चुकीच्या दिसतात आणि बटणांची चिन्हं पुसट होतात. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) नवखा असेल तर त्याचं चित्त लवकर ढळतं आणि हातही डळमळतो. उपाय एकच: परक्या मैदानावर चार-पाच पास-प्ले (पासच्या ठरलेल्या चाली) असे न्यायचे की रेषा न बघताही कोण कुठे पळणार ते पाठ असेल. ऐनवेळी प्ले बदलायच्या फंदात पडायचं नाही. पहिल्या दोन ड्राइव्ह (चढाया) धावून काढल्या आणि एकदा गुण झाले, की स्टेडियम आपोआप शांत होतं.

मॅडनची (ईएच्या व्यावसायिक फुटबॉलच्या गेमची) सवय असलेले इथे हमखास दोन ठिकाणी फसतात. पहिलं, कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कमधलं (ज्या दोन रांगांच्या आत प्रत्येक प्ले सुरू होतो त्या खुणांमधलं) अंतर ४० फूट असतं, व्यावसायिक मैदानावर ते साडेअठरा. त्यामुळे चेंडू एका हॅशवर असला की एक बाजू प्रचंड मोकळी आणि दुसरी चिंचोळी होते. धावायचे प्ले रुंद बाजूला टाकायचे, एवढं पाळलं तरी यार्डांत फरक दिसतो. दुसरं म्हणजे रीड ऑप्शन: चेंडू रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) द्यायचा की स्वतःच पळायचं, हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो. ज्याला मुद्दाम न अडवता सोडलेलं असतं, त्या बचावपटूवरच नजर हवी. तो रनिंग बॅककडे झेपावला तर चेंडू क्वार्टरबॅककडे ठेवायचा, जागेवर थांबला तर बटण धरून देऊन टाकायचा. लोक बॅककडे बघतात आणि मार खातात. मार खाण्याचाही हिशोब असतो. ‘वेअर अँड टेअर’मध्ये शरीराच्या कुठल्या भागावर किती आघात झाले ते जमा होतं आणि त्याचा परिणाम पुढच्या सामन्यांतही जाणवतो. क्वार्टरबॅकला सामन्यात पंधरा-वीस वेळा पळवलं, तर नोव्हेंबरात तोच पोरगा अर्ध्या ताकदीचा उरतो. आघाडी २० च्या वर गेली की त्याला बसवा.

अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत: फ्रेशमन, व्हार्सिटी, ऑल-अमेरिकन, हाइजमन. दुसरीवरून तिसरीवर जाताना पायरी नव्हे, भिंतच लागते. हाइजमनवर तर लाइनबॅकर (मधल्या फळीतले बचावपटू) पाठ फिरवूनही डोक्यावरचा पास उडी मारून काढतात, याला कठीणपणा म्हणणं जड जातं. कठीणपणा जुळवायचे स्लायडर सुरुवातीला सगळे ५० वर असतात. संगणकाचा इंटरसेप्शन (पास मध्येच हिसकावण्याचा) स्लायडर थोडा खाली आणा, पण एका वेळी दोन-तीन अंकच हलवा आणि मध्ये दोन सामने खेळा. एकदम पाच स्लायडर हलवले की कशाने काय झालं ते कळत नाही.

आता डायनॅस्टी. ३० हंगाम, ऑनलाइन ३२ जणांपर्यंत. या गेमचा जीव इथे आहे, आणि त्यातही भरतीत, म्हणजे हायस्कूलची मुलं आपल्या संघात ओढण्यात. भरतीच्या यादीत एका वेळी ३५ मुलं, आठवड्याला ठरावीक तास, आणि एका मुलावर जास्तीत जास्त ५० तास. स्काउटिंगला १०, शिष्यवृत्तीच्या प्रस्तावाला ५, थेट मेसेजला १०, घरच्यांशी आणि मित्रांशी बोलायला २५, आणि सगळं पणाला लावायच्या ‘सेंड द हाउस’ला पूर्ण ५०. नवे लोक पहिल्याच आठवड्यात तीन पंचतारांकित मुलांवर ५०-५० उधळतात आणि ऑक्टोबरात हात हलवत बसतात. आधी प्रस्ताव सगळ्यांना देऊन टाकावा, कारण तो ५ तासांत होतो आणि पुढे दर आठवड्याला आपलं पारडं थोडं जड होत राहतं. मग २५ वाली चाल, तिने मुलाला नेमकं काय हवंय ते उघड होत जातं. तिन्ही अपेक्षा आपल्या शाळेच्या जमेच्या बाजूंशी जुळल्या, तर ४० तासांचा ‘हार्ड सेल’ (त्याच बाजूंचा जोरदार प्रचार) ५० वाल्या चालीपेक्षा सरस पडतो. एकच जुळत असेल तर ते तास गटारात. मुलांना विद्यापीठात बोलावायच्या भेटीचंही तसंच: क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर एकाच आठवड्यात बोलावले तर दोघांना फायदा, दोन क्वार्टरबॅक एकत्र बोलावले तर दोघांचं बिनसतं. भेट घरच्या आणि जिंकायची खात्री असलेल्या सामन्याला ठेवावी.

हे सगळं इतकं रंगतं की खोट दिसायला वेळ लागतो. संगणकाचे संघ गरज बघून भरती करत नाहीत, त्यामुळे काही हंगामांनी एखाद्या मोठ्या संघाकडे क्वार्टरबॅकची रांग आणि लाइनमन (पुढच्या फळीतले खेळाडू) मोजके असं चित्र दिसतं. पॅच आले, पण जुन्या सेव्हमधली विस्कटलेली यादी त्याने सरळ होत नाही. मोठ्या अपडेटनंतर नवी डायनॅस्टी सुरू करणं बरं. प्रशिक्षक सगळे बनावट नावांचे आहेत आणि खालच्या विभागातले संघ नुसत्या ‘एफसीएस’ नावाने उभे केलेत. मेनू मात्र अक्षम्य संथ आहेत. भरतीच्या पानावर प्रत्येक टिचकीमागे अर्धा श्वास थांबायचं, तेही ३५ मुलांसाठी, आठवड्यामागून आठवडा. पहिल्या आठवड्यात हे खपून गेलं, शंभराव्यात नाही.

एका खेळाडूची कारकीर्द खेळायचा रोड टू ग्लोरी मोड पातळ आहे: हायस्कूलचे सामने नाहीत, अभ्यास-सराव-प्रसिद्धी यांच्यात आठवड्याची शक्ती वाटायची आणि प्रशिक्षकाचा विश्वास कमवायचा, तेवढंच. एका हंगामानंतर तेच तेच. अल्टिमेट टीमला (खेळाडूंचे पत्ते जमवून संघ बांधायचा मोड) पैसे ओतायची हौस असेल त्यांनीच हात लावावा.

घेताना लक्षात ठेवा: फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस, पीसीवर नाही. पहिली किंमत ७० डॉलर होती. १० जुलै २०२५ च्या ‘२६’ मध्ये खरे प्रशिक्षक आणि हायस्कूलचे सामने आले, म्हणून आज नव्याने सुरू करणाऱ्याने २५ पूर्ण किमतीला घेऊ नये. पर्ड्यू किंवा टेक्ससमध्ये शिकलेल्या आणि शनिवारी स्टेडियमचा गलका खोलीतून ऐकलेल्या मराठी मुलांना स्वस्तात मिळाला, तर गोष्ट वेगळी. त्यांनी व्हार्सिटीवर सुरुवात करावी, आपल्याच विद्यापीठाचा संघ घ्यावा आणि फील्ड गोलची (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारायची) उजव्या स्टिकची चाल आधी सराव मोडमध्ये निदान वीसेकदा करावी. पहिल्या महिन्यात हातचे सामने जातात ते बहुतेक तिथेच.