फायबर कागदाचे ८ महिने: ग्रेडेड घ्यावा की मल्टिग्रेड?

घरच्या डार्करूममध्ये निगेटिव्हवरून कृष्णधवल फोटो छापायला मी इतकी वर्षं आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागदच वापरला. १ मिनिट डेव्हलपर, २ मिनिटं धुणं, चिमटा लावून दोरीवर टांगला की झालं. ८ महिन्यांपूर्वी फायबरचे, म्हणजे प्लास्टिक नसलेल्या कागदाचे, दोन खोके मागवले: इल्फर्ड मल्टिग्रेड एफबी क्लासिक (याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, फिल्टरने बदलता येतो) आणि इल्फोब्रोम गॅलरी, ग्रेड २ (ग्रेडेड, म्हणजे कॉन्ट्रास्ट ठरलेला). दोन्ही ८×१० इंच, ग्लॉसी.

पहिला प्रिंट आजीचा, पांढऱ्या नऊवारीतला. ट्रेमध्ये ओला असताना पदराची चुणी न् चुणी दिसत होती. सकाळी वाळल्यावर पाहिलं, तर लुगडं राखाडी. फायबर वाळताना गडद होतो हे ऐकून होतो, पण इतका होईल असं वाटलं नव्हतं. आता टेस्ट स्ट्रिप (चाचणीची पट्टी) हेअर ड्रायरने पूर्ण वाळवल्याशिवाय प्रकाश देण्याची वेळ ठरवत नाही. ओल्यावर २० सेकंद बरोबर वाटले, तर मी १८.५ देतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आरसीला प्लास्टिकचा थर असतो, फायबरचा कागद मात्र हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर, पिऊन घेतो. तो आत राहिला तर प्रिंट काही वर्षांनी पिवळा पडतो. तासभर नळ सोडून ठेवायचं उन्हाळ्यात मन होत नाही. इल्फर्डनेच दिलेली पद्धत पाळतो: ताजा रॅपिड फिक्सर १+४ (१ भाग रसायन, ४ भाग पाणी) फक्त १ मिनिट, ५ मिनिटं धुणं, १० मिनिटं वॉशएड (फिक्सर लवकर निघावा म्हणून वापरायचं द्रावण), पुन्हा ५ मिनिटं धुणं. वाळताना कागद पापडासारखा वळतो. जाळीवर पालथा वाळवून दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवला की बराचसा सरळ होतो.

खरा धडा ग्रेडेडने दिला. तो फक्त निळा प्रकाश ओळखतो, त्यामुळे फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलत नाही. पिवळा फिल्टर लावला तर नुसती वेळ वाढते. माझ्या निगेटिव्ह ग्रेड २ वर भडक येत होत्या, पांढरे भाग कोरे. मल्टिग्रेडवर मी नकळत कमी कॉन्ट्रास्टचा १ नंबरचा फिल्टर लावून निभावून नेत होतो. माझा एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कंडेन्सरचा, प्रकाश भिंगांनी एकवटणारा, म्हणजे मुळात कॉन्ट्रास्ट जास्त. शेवटी निगेटिव्हचाच कॉन्ट्रास्ट कमी व्हावा म्हणून एचपी५ प्लस फिल्मचं डेव्हलपिंग आयडी-११ डेव्हलपर, १+१ मध्ये १३ वरून ११ मिनिटांवर आणलं. तेव्हापासूनच्या बहुतेक निगेटिव्ह ग्रेड २ वर सरळ उतरतात, आणि त्या प्रिंटमधले मधले करडे टोन पाहत राहावेसे वाटतात.

तरी फायबर पहिल्यांदाच घेणार असाल तर मल्टिग्रेडच घ्या. जुन्या, वेगवेगळ्या हातांनी धुतलेल्या निगेटिव्ह त्याच्यावरच सांभाळता येतात. कोरं आभाळ सर्वांत कमी कॉन्ट्रास्टच्या ०० फिल्टरने थोडं भरून काढता येतं, ती सोय ग्रेडेडवर नाही. फिल्म आणि डेव्हलपिंगची वेळ पक्की बसली, की मग गॅलरीचा लहान खोका घ्या.

आजीची निगेटिव्ह जुनी, १३ मिनिटांची. ग्रेड २ वर तीनदा प्रयत्न केला, पदर कोराच राहिला. अखेर मल्टिग्रेडवर, १ नंबरच्या फिल्टरने केलेला प्रिंट बैठकीच्या खोलीत लावलाय.