एक मिनिटाचे वाचन की सत्रअखेरची चाचणी?

नाशिकच्या एका शिक्षिकेपुढे प्रश्न आहे, की तिसरीच्या वाचनाचे अध्यापन संकलित, म्हणजे सत्रअखेरच्या, चाचणीच्या गुणांवरून ठरवावे की एक मिनिटाच्या साप्ताहिक प्रकट वाचनावरून.

श्रम पाहता संकलित चाचणी सोयीची आहे. परंतु तिचे गुण हाती येईपर्यंत सत्र सरलेले असते. साप्ताहिक नोंदीत मिनिटभरात अचूक वाचलेले शब्द आलेखावर मांडतात आणि सलग 4 बिंदू लक्ष्यरेषेखाली, म्हणजे अपेक्षित प्रगती दाखवणाऱ्या रेषेखाली, गेले, तर शिकवण्याची पद्धत बदलतात. मात्र उतारे समान काठिण्याचे हवेत, अन्यथा आलेख फसवतो. 40 मुलांच्या वर्गात प्रत्येकाची अशी नोंद ठेवणे मला शिक्षकावर अन्यायाचे वाटते.

म्हणून अडखळणाऱ्या पाच-सहा मुलांसाठी साप्ताहिक नोंद घ्यावी. संपूर्ण वर्गाने अभ्यासक्रम कितपत आत्मसात केला, हे पाहण्यास संकलित चाचणी पुरेशी आहे.