१०६ पीसचं केक-कुकी डेकोरेशन किट: पिशव्या सोडल्या तर कामाला आल्या दहाच वस्तू

आधीच सांगते, मी काही प्रोफेशनल बेकर नाही, घरच्या घरी करणारी आहे, आणि हे किट मी भाच्याच्या आठव्या वाढदिवसासाठी मागवलं होतं. थीम त्याने स्वतः ठरवलेली, अंतराळ. ताईला म्हणलं केक आणि कुकीज दोन्ही माझ्याकडे सोड, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की घरात एक जुनी पायपिंग बॅग (क्रीम दाबून नक्षी काढायची पिशवी) आणि तिच्या टोकाला लावायचं, वाकडं झालेलं एक नोझल सोडलं तर काहीच नाहीये. मग ऑनलाइन शोधत बसले आणि हे १०६ पीसवालं दिसलं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अगदी असंच किट पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच.

१०६ हा आकडा वाचून भारी वाटतं ना, पण त्यातल्या पन्नास तर नुसत्या डिस्पोजेबल पिशव्याच आहेत. मग २४ नोझल, १२ कटर, सहा जेल कलर, एक टर्नटेबल (केक ठेवून फिरवायचा पाट), क्रीम सपाट करायचे तीन स्क्रेपर, आणि बाकी स्पॅच्युला, कपलर (नोझल पिशवीला जोडायचा तुकडा), ब्रश, पेन असं किडूकमिडूक. मी सगळं टेबलावर मांडलं, फोटोबिटो काढला, आणि दोन दिवसांनी काम संपल्यावर सिंकमध्ये धुवायला पडलेलं मोजलं तर पिशव्या सोडून दहा वस्तू. तीन नोझल, दोन कपलर, चार कटर आणि एक स्क्रेपर. बस.

नोझलपासून सुरुवात करते कारण किटमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. दोन नंबर आणि तीन नंबरचं गोल, म्हणजे कुकीवर आउटलाइन काढायला, आणि १एम, म्हणजे ते मोठं चांदणीच्या तोंडाचं, ज्याने केकवर गुलाबासारखी गोल वळणं येतात. एवढ्यात सगळी पार्टी निघते खरंच. दोन नंबरचं मात्र पहिल्यांदा वापरलं तेव्हा आयसिंग सरळ खाली यायच्या ऐवजी एका बाजूला कुरळं होऊन नोझललाच चिकटायला लागलं. मला वाटलं माझंच आयसिंग बिघडलं, त्यात पाणी घातलं, मग पातळ झालं म्हणून परत साखर घातली, अर्धा तास त्यात गेला. शेवटी नोझल उजेडात धरून बघितलं तर टोकाला आतल्या बाजूने पत्र्याचं एक बारीक कुसळ राहिलेलं. सुईने साफ केलं, पुसलं, की लगेच रेघ सुतासारखी सरळ. तेव्हा असं काही झालं तर आयसिंगला शिव्या घालायच्या आधी नोझल बघा.

पिशव्या पातळ आहेत. कुकीवर भरायच्या पातळ आयसिंगला चालतात, पण घट्ट बटरक्रीम भरून दाबलं की शिवणीतून फुटतात. माझी फुटली ती केकच्या बरोब्बर वरच, आणि जिथे रॉकेट उभं करायचं होतं तिथे पांढऱ्या क्रीमचा गोळा पडला. त्याचा मी धूर केला, रॉकेटच्या खालून निघणारा. सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं. काय बोलणार. पुढच्या वेळी मात्र दोन पिशव्या एकात एक घालून वापरल्या, मग नाही फुटली.

आता कटर. बारा आहेत पण त्यात अंतराळाचे म्हणून दिलेले चार, रॉकेट, चांदणी, चंद्रकोर आणि शनी. बाकी गोल, फूल, हार्ट असे नेहमीचे. शनीच्या कटरमध्ये गोळा आणि कडं एकाच आकारात कापलं जातं आणि जिथे कडं गोळ्याला जोडतं तिथे ते इतकं निमुळतं आहे की पीठ उचलताना हमखास तुटतं. भाच्याने तर फोनवर बजावलं होतं, "मावशी, शनीला कडं पाहिजेच हं, नाहीतर तो शनी नाही!" चार तुटल्यावर मी कटर बाजूला ठेवला, साधा गोल कापला आणि आयसिंग वाळल्यावर त्याच्यावरून घट्ट रॉयल आयसिंगने (वाळून कडक होणारं साखरेचं आयसिंग) तीन नंबरच्या नोझलने तिरकं कडं काढलं. ते तुटलंही नाही आणि दिसायलाही खऱ्यासारखं दिसलं. तेव्हाच कळलं की थीमला थीमचा कटर लागतोच असं नाही. एका गोलातून चंद्र, गुरू, शनी, पृथ्वी सगळे निघाले, फरक फक्त रंगाचा आणि आयसिंग किती घट्ट-पातळ आहे त्याचा.

रॉकेटचे पंखही तुटत होते पण त्याला एक युक्ती आहे. पीठ बटर पेपरवरच लाटायचं, साधारण पाच मिलिमीटर जाड, त्याच्यावरच कापायचं आणि आकार न उचलता आजूबाजूचं पीठ काढून टाकायचं. मग पेपरसकट ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजरला आणि तिथून थेट ओव्हनमध्ये. गार पीठ कमी पसरतं. किटबरोबरच्या पुस्तिकेतल्या रेसिपीत चांगली चमचाभर बेकिंग पावडर सांगितली आहे, ती मी पहिल्या घाण्याला घातली आणि चांदण्यांच्या बटाटेवजा गोळ्या झाल्या. दुसऱ्या घाण्याला पावडर अजिबात घातली नाही, कोपरे जसेच्या तसे. चांदणी आणि गोल वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, चांदणीची टोकं लवकर लाल होतात.

पुस्तिकेबद्दल अजून एक. त्यात लिहिलंय रॉयल आयसिंग दोन तासांत वाळतं. वरून पापडी धरते हो दोन तासांत, पण आत ओलंच असतं. मी विश्वास ठेवून एकावर एक दोन कुकीज ठेवून बघितल्या तर वरचीचा ठसा खालचीवर. पूर्ण वाळायला आठ ते बारा तास धरा, हवा दमट असेल तर त्याहून जास्त, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढलं की घाम सुटतो. मी गुरुवारी बेक केलं, शुक्रवारी संध्याकाळी रंग भरले आणि रात्रभर पंख्याखाली तशाच ठेवल्या, शनिवारी केक, रविवारी पार्टी. याच्यापेक्षा घाईत करू नये असं माझं मत.

रॉयल आयसिंगला लागणारी मेरिंग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पूड) किटमध्ये नाहीये हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही, ती वेगळी आणावी लागली. साधारण ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला तीन टेबलस्पून पावडर आणि पाच-सहा टेबलस्पून कोमट पाणी. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचंही करतात पण लहान मुलांच्या पार्टीत मी ती रिस्क घेत नाही. आणि भांड्याला तुपातेलाचा अंशही नको, नाहीतर फेस बसतो. कुकीच्या आत भरायचं आयसिंग किती पातळ पाहिजे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे भांड्यातल्या आयसिंगवर सुरीने रेघ ओढायची आणि मनात आकडे मोजायचे, दहा ते पंधरा आकड्यांत रेघ मिटून वरचा भाग परत सपाट झाला की बरोबर. लवकर मिटली तर ते आउटलाइनबाहेर ओघळणार.

गुरूच्या कुकीज करताना मला सगळ्यात मजा आली. बदामी रंग भरला आणि तो ओला असतानाच त्यावर तपकिरी आडव्या रेघा ओढल्या, मग टूथपिकचं टोक हलकंसं वरखाली फिरवलं की पट्टे आपोआप लाटांसारखे होतात. किटमध्ये तपकिरी रंग नाही, लाल आणि हिरवा मिसळून केला, किंचित पिवळा. शेवटी एक लाल ठिपका. भाच्याने पार्टीत प्रत्येकाला पकडून पकडून सांगितलं की तो डाग म्हणजे वादळ आहे आणि आपली पृथ्वी त्याच्यापेक्षा लहान आहे. आणि चंद्राचं तर असं झालं की छोट्या गोलांत पातळ आयसिंग भरलं की वाळताना मध्येच खड्डे पडतात, एरवी बेकर लोक यालाच वैतागतात, मी ते तसेच ठेवले आणि करडा रंग दिला. चंद्रावर खड्डे, अजून काय पाहिजे!

आता रंगांकडे येते, इथे किटने खरा घात केला. काळा. अंतराळ म्हणजे काळं आलंच, आणि मी पांढऱ्या आयसिंगमध्ये काळा जेल घालत गेले, घालत गेले, अर्धी बाटली संपली तरी करडंच. चव कडू झाली, आणि इतका जेल गेल्यामुळे ते नीट वाळेना पण. ते फेकलं. दुसऱ्यांदा कमी रंग घालून गडद करड्यावर थांबले, वर प्लॅस्टिक चिकटवून झाकलं आणि रात्रभर ठेवलं, सकाळी बघते तर कोळशासारखं काळं. जेल कलर मुरत जातो, लाल आणि काळ्याला तर वेळ द्यावाच लागतो. केकच्या बटरक्रीमला मी आधी भरपूर कोको घालून चॉकलेटी केलं आणि मग काळा घातला, थोडक्यात भागलं आणि चवही चांगली. एवढं करूनही पार्टीत अठरा मुलांचे ओठ आणि दात निळे-काळे झाले. ग्रुप फोटोत सगळे हसतायत आणि एकाचाही दात पांढरा नाही. ताई म्हणाली, "पुढच्या वेळी ढगांची थीम ठेव गं बाई."

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण त्या किटमध्ये एक छोटी बाटली आहे, सोनेरी पावडर, बॉक्सवरच्या फोटोत चांदण्यांवर तीच चोळलेली दाखवलीये. मी ब्रश घेऊन बसले होते, आणि सहज म्हणून लेबल वाचलं, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत, "नॉन-टॉक्सिक, फक्त सजावटीसाठी". घटकांची यादी नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे! खायची असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आत काय काय आहे तेही असतं. अमेरिकेत २०१८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात अशीच चकाकी जाड थरात लावलेला वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली होती, तपासणीत त्या केकवर तांब्याचं प्रमाण खूप जास्त निघालं, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये त्याचा रिपोर्ट छापला. म्हणजे मी उगाच बाऊ करतेय असं नाही. खायच्या किटमध्ये न खायची पावडर घालायची आणि फोटोत ती कुकीवर लावून दाखवायची, हे मला अजिबात पटलं नाही. बाटली तशीच कचऱ्यात. चांदण्या साध्या पिवळ्या केल्या, एकाही मुलाने विचारलं नाही की चमकत का नाहीत. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "प्रॉडक्ट सेफ आहे मॅडम." घटक काय आहेत ते मात्र दोनदा विचारून कळलं नाही.

टर्नटेबल प्लॅस्टिकचं आहे, फिरतं पण डुगडुगतं, दोन किलोचा केक ठेवला की एका बाजूला झुकतं. कुकीजना ठीक आहे. प्लॅस्टिक स्क्रेपरच्या कडेला साच्याची रेघ राहिलेली असते, ती क्रीमवर दर फेरीला ओरखडा काढते, बारीक पॉलिश पेपरने घासली तर जाते, मी स्टीलचाच वापरला. केकवरच्या चांदण्या पातळ पांढऱ्या आयसिंगमध्ये ब्रश बुडवून बोटाने उडवल्या. झकास दिसल्या. ओट्यावर, फ्रीजच्या दारावर आणि माझ्या चष्म्यावर पण.

खाण्याचं पेन चांगलं आहे, पण आयसिंग पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर टोक आत रुततं. अठरा रॉकेटवर अठरा नावं त्यानेच लिहिली आणि मुलांनी आधी आपापलं नाव शोधलं, मग खाल्लं. (म्हणजे कामाच्या वस्तू अकरा झाल्या, मोजताना पेन ड्रॉवरमध्ये होतं.) कटर धुतल्यावर लगेच पुसून गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, माझ्या चांदणीच्या सांध्याला दुसऱ्याच दिवशी गंज दिसला.

तर घ्यावं का? पहिल्यांदाच करत असाल आणि घरात काहीच नसेल तर नोझलसाठी घ्या, बाकीचं बोनस समजा. थोडंफार सामान असेल तर तीन नोझल, दोन कपलर, चांगल्या जाड पिशव्या आणि चांगल्या कंपनीचे जेल कलर सुटे घ्या, जास्त बरं पडेल. मी पाचपैकी तीन स्टार दिलेत. चार देणार होते, एक सोनेरी पावडरचा कापला. भाच्याने पुढच्या वर्षीसाठी डायनासोर बुक करून ठेवलेत, बाराच्या बारा कटरमध्ये डायनासोर एकही नाही, पण पुठ्ठ्यावर काढून सुरीने कापले की झालं.