स्प्रिंगच्या एअरगनवर स्कोप: नागपूरच्या बर्डीतून घेतलेलं सामान, काय कामाचं निघालं अन् काय नाही

रिव्ह्यू स्कोपचा, म्हणजे गनवरच्या दुर्बिणीचा आहे, पण सुरुवात माउंटपासून, म्हणजे स्कोप गनवर पकडून ठेवणाऱ्या कड्यांपासून करतो, कारण स्प्रिंगच्या एअरगनवर स्कोप चालणार की नाही हे निम्मं माउंटच ठरवतो. रायफल ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची, भारतीय बनावटीची, ४.५ मिमी म्हणजे पॉइंट एकशे सत्त्याहत्तर बोअरची, वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची, म्हणून आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे लायसन्सची भानगड नाही, दुकानदारानं आधारची झेरॉक्स घेतली अन् झालं. वापर म्हणाल तर काटोल रोडकडच्या शेतावर, मागं मातीचा उंच बांध आहे तिथं कागदावर नेम मारणं, बस्स. तितर-बटेर मारायला कोणी स्कोप शोधत असेल तर त्यानं इथंच थांबावं, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे अन् त्यात एअरगनला काही सूट नाही. अरुणाचलात तर २०२१ पासून लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारजमा कराव्या म्हणून मोहीमच चालली, ती काही उगाच नाही.

आता हे सामान घ्यायचं डोक्यात आलं भाच्यामुळे. तो यूट्यूबवर अमेरिकेतल्या सेमी-ऑटो शॉटगनचे व्हिडिओ पाहत बसतो अन् तिथून यादी घेऊन आला, रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम धरायची साइट), टॉर्च, लेझर, बायपॉड (दोन पायांचा टेकू), बाजूला काडतुसं खोचायचं होल्डर. "मामा, हे सगळं लावू ना आपल्या गनवर!" म्हटलं बाबू, ती यादी त्या बंदुकीसाठी बरोबर आहे, आपल्या नाही. सेमी-ऑटोमध्ये एक बार उडला की गॅसच्या किंवा धक्क्याच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढते, मग जास्तीची काडतुसं हाताशी असणं कामाचं. त्या शॉटगनचे छर्रे पसरत जातात, अंतर कमी, निशाण हलतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून पटकन ठिपका टेकवला की झालं, म्हणून रेड डॉट. अन् ट्रॅप-स्कीटवाले, म्हणजे शॉटगननं उडत्या चकत्या फोडणारे खेळाडू तर नळीच्या टोकाला नुसता मणी ठेवतात, नजर सगळी उडत्या चकतीवर. आपल्या एअरगनमध्ये एका वेळी एक छर्रा, तोही दर वेळी बॅरल मोडून हातानं भरायचा. टॉर्च लावून काय करू, रात्री कागदाला घाबरवू?

रेड डॉटचा हिशोब तरी मी त्याला करून दाखवला. स्वस्तातल्या डॉटमध्ये ठिपका साधारण तीन एमओएचा (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो, वीस मीटरवर तो सतरा-अठरा मिमी जागा झाकतो. म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी कमी जागा झाकून तुम्ही तिच्या मधोमध मारायचं म्हणता. डबे पाडायला मस्त, ग्रुप काढायला, म्हणजे सगळे छर्रे एकमेकांजवळ लावायला नाही.

आता धक्क्याचं. हे बर्डीतल्या अर्ध्या दुकानांत कोणी सांगत नाही. बारा बोरच्या शॉटगनचा दणका खांद्याला जाणवतो, एअरगनचा जाणवतही नाही, तर माणूस समजते की इथं कोणताही स्कोप चालेल. उलटं आहे. बारा बोर असो की मोठी रायफल, धक्का एकाच दिशेला, मागं. स्प्रिंगच्या गनमध्ये आधी पिस्टन पुढं सुटतो तेव्हा गन मागं येते, अन् लगेच पिस्टन हवेच्या गादीवर जाऊन थांबतो तेव्हा गन पुढं झटका खाते. दोन्हीकडून. रायफलचे बरेच स्कोप मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेले असतात, पुढच्या झटक्यात आतली काच सैल होते नाहीतर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा फिरतात, अन् मग रोज झिरो वेगळा, म्हणजे जुळवलेला नेम रोज हललेला. म्हणून डब्यावर एअरगन रेटेड किंवा स्प्रिंगर रेटेड लिहिलंय का ते पाहा, अन् दुकानदार "सब चलता है भाऊ" म्हणाला तर दुसरं दुकान पाहा. पीसीपी गन असेल, म्हणजे सिलिंडरात हवा भरून चालणारी, तर हा प्रश्न जवळपास नाहीच, तिच्यावर काहीही बसवा.

मी ज्या दुकानात गेलो तिथं काउंटरवरच्या पोरानं आधी एक चमकदार स्कोप काढला, लाल-हिरवी लाईट, वर लेझर, खाली टॉर्च, सगळं एका डब्यात, अन् किंमत ऐकून कोणालाही वाटेल की लॉटरी लागली. मी काच डोळ्याला लावून रस्त्यापलीकडचा बोर्ड पाहिला, कडेनं अक्षरं निळी-पिवळी फाटत होती. ठेवून दिला. मग आतून मालक आले, वयस्कर गृहस्थ, त्यांनी "किती मीटरवर मारता?" एवढंच विचारलं. वीस-पंचवीस म्हटल्यावर त्यांनी ३-९×४० चा, म्हणजे तीन ते नऊ पट दाखवणारा अन् चाळीस मिमी काचेचा, एओवाला स्कोप काढला. हा प्रश्न विचारणारा दुकानदार सापडला की समजायचं बरोबर जागी आलो.

एओ म्हणजे पुढच्या काचेवर फिरणारी रिंग, तिच्यानं अंतर जुळवायचं. साध्या रायफलच्या स्कोपचा पॅरालॅक्स (ज्या अंतरावर डोळा सरकला तरी क्रॉसहेअर सरकत नाही ते) बहुतेक १०० यार्डांवर पक्का केलेला असतो, शॉटगन नाहीतर पॉइंट टू-टू बोअरच्या छोट्या रायफलसाठीच्यांचा त्याहून कमी, पन्नास-साठ यार्डांच्या आसपास. आपण मारतो वीस मीटरवर. तिथं नऊ पटीवर चित्र भुरकट दिसते, अन् डोळा जरा इकडंतिकडं सरकला की क्रॉसहेअर कागदावर सरकते, माणसाला वाटते हात हलला. एओ दहा मीटरपर्यंत खाली येत असेल तर तो घ्या, लाईटबिईट सोडा. हॉक अन् डिस्कव्हरी या कंपन्यांची नावं एअरगनवाल्यांत जास्त ऐकू येतात, बजेट असेल तर तिकडं जा, माझा त्यातला नाही, साधा आहे पण रेटेड आहे. नऊ पटीवर चाळीसची काच म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा उजेड चारेक मिमीचा, संध्याकाळी पाचनंतर जरा अंधारलेलं वाटते, सहा पटीवर आणलं की ठीक.

मे महिन्यात दुपारी नऊ पटीवर पाहूच नका. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की जमिनीवरून हवा उकळते, कागदावरची रिंग पाण्यात असल्यासारखी हलते, स्कोपला शिव्या देऊन उपयोग नाही. सकाळी साडेसहाला मारा, नाहीतर घरी बसून आंब्याचा रस खा. पावसाळ्यात मात्र कपाटात सिलिका जेलची पुडी पाहिजेच, दमट हवेत काचेला बुरशी लागली की स्कोप गेला. नायट्रोजन भरलेला असेल तर आतून वाफ धरत नाही, बाहेरची काच आपणच सांभाळायची.

माउंट. गनच्या डोक्यावर ११ मिमीची डव्हटेल खाच आहे, अन् दुकानात अर्धे माउंट पिकाटिनीचे, रुंद, रायफल अन् शॉटगनच्या पट्टीसाठीचे. ते इथं बसतच नाहीत, अ‍ॅडॉप्टर घालून बसवले तर उंची वाढते अन् सैल व्हायला एक जागा वाढते. दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घ्या, अन् त्याला खाली स्टॉप पिन पाहिजे जी गनवरच्या भोकात उतरते, नाहीतर दर बाराला माउंट केसभर मागं सरकतो. पिनशिवायचा माउंट खाचेवर चांदीसारखी घासल्याची रेघ सोडतो, ती दिसली की समजून जा. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), अन् रिंगा अगदी जीव खाऊन आवळू नका, ट्यूब चेपते.

ब्रेक-बॅरलमध्ये अजून एक कटकट, बॅरल बिजागरीपाशी किंचित खाली झुकलेली असते. स्कोपची वरची घुंडी फिरवून फिरवून संपते तरी छर्रा खालीच. माझ्या गनला थोडं होतं. मालकांनी मागच्या रिंगेत फोटोच्या जुन्या निगेटिव्हचा तुकडा घालून दिला, जुनाच इलाज आहे, अन् घुंडी मधोमध आणल्यावर झिरो बसला. याचे वेगळे पैसे नाही घेतले, हे मुद्दाम लिहितो.

झिरो मी वीस मीटरवर ठेवला. क्लिक पाव एमओएचा, म्हणजे या अंतरावर एका क्लिकनं दीड मिमीच्या आसपास फरक, १०० यार्डांवर तोच सात मिमी होतो, डब्यावरचा आकडा तिथला असतो. अन् स्कोप बॅरलच्या चारेक सेंमी वर बसतो म्हणून पाच मीटरवर मारलं तर छर्रा क्रॉसच्या दोनेक सेंमी खाली लागतो. भाचा म्हणे स्कोप खराब. खराब नाही रे, भूमिती आहे.

छर्ऱ्यांवर खर्च करा, हे मी कोणालाही सांगीन. देशी स्वस्त डब्यातले छर्रे डोळ्यांनी पाहिले तरी काहींचे घागरे, म्हणजे मागच्या पसरट कडा, वाकडे दिसतात, त्यांनी ग्रुप काढून स्कोपचा रिव्ह्यू करणं म्हणजे वेडेपणा. जर्मन एच अँड एन अन् चेक जेएसबी दोन्ही मागवले. माझ्या गनला आठ ग्रेन वजनाच्या वरचे गोल डोक्याचे जमले, तुमच्या गनला कदाचित सात ग्रेनचे चपटे जमतील, बॅरल बॅरलची आवड असते. टोकदार छर्रे नुसते दिसायला भारी.

बाकी सामान पटापट. बायपॉड घेतला तो पडून आहे, स्प्रिंगची गन कडक टेकूवर ठेवली की उसळते अन् छर्रा वर जातो, त्यापेक्षा तांदळाच्या कणीची थैली अन् तिच्यावर सैल पंजा, गनला उसळू द्यायचं, दर वेळी सारखंच. पट्टा बॅरलला बांधू नका. पॉलिकार्बोनेटचा चष्मा मात्र आधी घ्या, स्कोप नंतर, कारण छर्रा लोखंडी पत्र्यावरून परत येतो. निशाणासाठी लाकडी पेटीत जुन्या साड्या अन् चिंध्या ठासून भरल्या, मागं प्लायवूड, त्याच्याही मागं बांध.

ज्या पोराला पुढं रेंजवर खेळायचंय त्याच्या बापानं यातलं काहीच घेऊ नये. दहा मीटर एअर रायफलमध्ये दुर्बीण चालतच नाही, तिथं भोकाची पीप साइट, अन् दहाचा ठिपका अर्धा मिमीचा. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगचं सोनं तसंच मारलं. त्या पोराला जाड जॅकेट अन् चांगला कोच लागतो, नऊ पटीची काच नाही.

स्कोपला पाचपैकी साडेतीन, काच कडेला मऊ आहे अन् एओची रिंग थंडीत घट्ट फिरते. माउंटला पाच. दुकानाला चार, एक काउंटरवरच्या त्या पोरासाठी कापला, तो अजूनही आलेल्या प्रत्येक माणसाला तो लेझरवालाच डबा आधी दाखवतो. रविवारी बंद असते अन् दुपारी दोन ते चार मालक जेवायला घरी जातात, जायचं तर अकराच्या आसपास जा, गनचं मॉडेल अन् खाचेचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, गन खांद्यावर टाकून बर्डीच्या गर्दीतून फिरू नका बाप्पा.