हा बाप्या कुणाची मुलगी?

सासूबाईंच्या तळघरात एक निळी लाकडी पेटी आहे. तिच्यावर तांबड्या वेलबुट्ट्या (नॉर्वेत या रंगकामाला रोसेमालिंग म्हणतात), मधोमध एका बाईचं नाव, शेवटी 'ओल्सडाटर' आणि खाली १८४६. सासूबाईंची पणजी लहानपणी आईवडिलांबरोबर हीच पेटी घेऊन नॉर्वेहून अमेरिकेतल्या मिनेसोटात आली, एवढंच घरात ठाऊक. त्यांच्या पंचाहत्तरीला वंशावळ भेट द्यायचं माझ्या डोक्यात आलं, आणि ऑनलाइन भेटलेल्या एका 'वंशसंशोधका'ला पेटीचे फोटो व ४५० डॉलर आगाऊ पाठवून मी मोकळी झाले.

तीन आठवड्यांत जाडजूड फाइल आली. कुळाचं राजचिन्ह, १८४६चा सागरप्रवास आणि पूर्वज थेट नॉर्वेचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या हाराल्ड हारफाग्रेपर्यंत! सासूबाईंनी चष्मा लावून पहिलंच पान वाचलं आणि विचारलं, "हा बाप्या कुणाची मुलगी?"

पेटीवालीच्या वडिलांचं आडनावही त्याने 'ओल्सडाटर' लावलं होतं. ओल्सडाटर म्हणजे ओलेची मुलगी! तेव्हा नॉर्वेच्या खेड्यांत कायमचं आडनाव नसे. बापाच्या नावाला मुलासाठी 'सेन', मुलीसाठी 'डाटर' जोडत, पुढे राहत्या शेताचं नाव. शेत बदललं की तेही बदले. आडनावाची सक्ती १९२३च्या कायद्याने आली. जन्मभर नावात बापाचं नाव लावणाऱ्या मला हे कळू नये?

कोणत्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची) नोंदवही, कोणतं पान, हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं. मी नंतर विचारलं. उत्तर आलं: दप्तरं बंद असतात, परवान्याचे आणखी २०० डॉलर. मग तो गायबच झाला.

दप्तरं बंद कसली! नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटालआर्किवे'वर चर्चच्या जुन्या नोंदवह्या आणि १८६५ची जनगणना फुकट बघता येते. जनगणनेत माणसाचं वय, शेत, जन्माचा पॅरिश, सगळं असतं. पाद्र्यांचं गॉथिक अक्षर मात्र डोळे फोडतं; माझे दोन महिन्यांचे रविवार त्यात गेले. १८४६ हे लग्नाचं साल निघालं, पेटी रुखवताची. अमेरिकेला निघाल्याची नोंद १८६८ची. आणि पेटीवालीचे वडील ओले हुसमान, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर राबणारं कूळ.

सासूबाईंनी चौकटीतलं राजचिन्ह काढलं आणि ओलेची नोंद असलेल्या पानाची छापील प्रत लावली.