तळ्याकाठच्या घराला थर्मली मॉडिफाइड पाइन: घ्यावं का?

विहार तलावाच्या बाजूची झाडी असो की मुंबईकरांचं पवना धरणाकाठचं वीकेंड होम, घर रानात मिसळून जावं असं वाटत असेल तर बाहेरच्या भिंतीला थर्मली मॉडिफाइड, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पाइन लाकडाची फळी आम्ही सिमेंट शीटपेक्षा सरस मानतो. कारण रंग. उन्हात तपकिरीपणा उडून काही महिन्यांत ती राखाडी होते आणि ऐनाच्या खोडांमागे भिंत वेगळी दिसेनाशी होते. तपकिरी टिकवायचा तर रंगद्रव्याचं तेल पुन्हा पुन्हा लावावं लागतं. आम्ही म्हणू, लावूच नका.

सुमारे 200 अंश सेल्सिअसला वाफेत तापवल्याने हे लाकूड ओल कमी पितं, फुगतं-आकसतंही कमी. पण ठिसूळ होतं. टोकाजवळ आधी भोक न पाडता स्क्रू पिळला की फळी चिरलीच समजा. स्क्रू स्टेनलेसचेच हवेत, साध्या लोखंडी स्क्रूखाली पावसात काळे ओघळ उतरतात. भिंत आणि फळी यांत 25 मिमी फट, वर-खाली उघडी, तोंडाला किड्यांसाठी जाळी. सुतार ती फट सिलिकॉनने बुजवायला बघतात. बुजवली की मागे बुरशी धरते. खालची कड जमिनीपासून 300 मिमी वर ठेवा, नाहीतर पागोळ्यांचे शिंतोडे तिला कुजवतील.

वाळवीला मात्र ही फळी दाद देत नाही असं समजू नका. जोत्याला वाळवीरोधक प्रक्रिया लागतेच. भार पेलणाऱ्या तुळयांना हे लाकूड वापरू नये.